वरच्या भट्टीचं तापमान

कोथरूड, पुणे
९ जानेवारी २०२५

श्री. दिगंबर नागोराव पिंपळशेंडे यांस,

पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल, असं लिहायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. तुम्ही वाटच पाहत असाल, असा माझा समज आहे, म्हणून सरळ विचारते. वल्लरी गोहोकर या मुलीला माझ्याकडे तुम्ही पाठवलंत का?

ती आपल्या संस्थेत पीएच.डी. करते. ('आपल्या' म्हणते, कारण तीन वर्षं तुम्हीही तिथे होतात.) कोळसा तापवल्यावर जे डांबर निघतं त्याची रासायनिक घडण, हाच तिचा विषय. परवा तिचा फोन आला. जुनं कोठार रिकामं करताना म्हणे एक लाकडी पेटी सापडली. पेटीत काचेच्या तोंडबंद कुप्या, एक्केचाळीस. प्रत्येक कुपीवर चिठ्ठी, तारीख, तापमान, आणि बऱ्याच कुप्यांवर 'दि. ना. पिं.' ही अक्षरं. बाकीचे तपशील विचारायला तिला सबंध पुण्यात मीच सापडले. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तुमचे मार्गदर्शक देवस्थळी सर जाऊन बारा. माझा नंबर तिला कुणी दिला, तर म्हणाली, "ऑफिसमधून मिळाला, मॅडम." ऑफिसमधून स्वतःच्या निवृत्तिवेतनाचा कागद मिळवायला मला चार महिने लागले होते.

गोहोकर हे आडनाव तुमच्या बाजूचं. विचारलं तर म्हणाली, वणीची. वणी ते तुमचं वरोरा किती लांब आहे हे मी नकाशात पाहिलं.

तुम्ही वरोऱ्याच्या शाळेत लागलात, एवढं कानावर होतं; तिथे फोन करून तुमचा पत्ता मिळवला. कारकून म्हणाले, "पिंपळशेंडे सर तं रिटायर झाले जी," आणि पत्त्याबरोबर नंबरही दिला. मी फोन केला, नाव सांगितलं, आणि तिकडून फोन ठेवला गेला. रेंज गेली असेल, असं समजण्याइतकी भोळी मी नाही.

तीस वर्षांपूर्वी जे झालं ते झालं. तुमच्या चौदा नमुन्यांचे आकडे जुळत नव्हते आणि ते मी सरांच्या कानावर घातलं. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. त्याचं उट्टं काढायचं असेल, तर एका मुलीला पुढे करू नका.

उत्तर द्यावं. पत्र रजिस्टरनं पाठवत आहे, मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

श्यामला मेहेंदळे


कोथरूड
२१ जानेवारी २०२५

श्री. पिंपळशेंडे,

पोचपावती आली. सही तुमचीच आहे, 'पिं'वरचा अनुस्वार अजून तसाच लांब फेकता. म्हणजे पत्र मिळालं, वाचलं, आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरलं. हरकत नाही.

मी संस्थेत जाऊन आले. तुमच्या त्या वल्लरीला भेटले. सव्वीस-सत्तावीसची असेल, कर्वेनगरला तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. स्कूटीवरून येते आणि डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आधी बोलायला लागते. बोलते पुष्कळ. जी माणसं पुष्कळ बोलतात ती काहीतरी काढून घेण्यासाठी बोलतात, असा माझा अनुभव आहे.

मी कोण, हे ठाऊक असूनसुद्धा तिनं मला डांबर म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावून सांगितलं.

"कसंय मॅडम, पाचशे-साडेपाचशे डिग्रीला जे टार येतं ना, त्यात कोळशाची मूळ घडण बऱ्यापैकी शाबूत असते. म्हणजे बेंझीनची कडी असतात, पण त्यांना कार्बनच्या लांब शेपट्या लटकलेल्या असतात. शिवाय फिनॉल भरपूर. तेच आठशे-नऊशेला गेलं की शेपट्या तुटतात, फिनॉल जातं, आणि कडी एकमेकांना चिकटत जातात. दोन, तीन, चार. नॅफ्थलीन, अँथ्रासीन, पायरीन."

"हो का?" मी म्हटलं. "हे मी तुझ्या जन्माआधीपासून शिकवत होते."

"सॉरी मॅडम," म्हणाली, आणि हसली. ओशाळली मात्र नाही.

मग तिनं तुमची एक कुपी फोडली. साडेपाचशेची, डिसेंबर चौऱ्याण्णवची. मी वाकून पाहिलं नाही, गरजच पडली नाही. साडेपाचशेच्या डांबराला इस्पितळाच्या फरशीचा वास यायला हवा. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास सुटला. आईच्या शालूच्या ट्रंकेत येतो तसा. चिठ्ठी साडेपाचशेची आणि माल आठशेच्या वरचा! तीस वर्षांपूर्वी मी हेच म्हटलं होतं, आणि माझं नाक खोटं बोललं नव्हतं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

विभागप्रमुख आता डॉ. सलिल आहेत. तुम्हाला आठवतात का? तेव्हा नुकतेच लागले होते, कोपऱ्यात बसून चाळण्या धुवायचे. मला पाहून एकदम उठून उभे राहिले. "मॅडम, कशाला त्रास घेतलात? तो जुना कचरा टाकूनच द्यायचा होता." एवढी घाई कशाची? यांना काय माहीत आहे? की तुम्ही त्यांच्याशीही संपर्क ठेवून आहात?

ती पेटी पंच्याण्णव साली मी सबंध इमारतीत शोधली होती. निवृत्त होताना परत एकदा शोधली. सरांनी तिला स्वतः कुलूप लावलं होतं, पुढेमागे चौकशी झाली तर हाती असावी म्हणून. ती नेमकी आता निघावी?

श्यामला मेहेंदळे


कोथरूड
६ फेब्रुवारी २०२५

श्री. पिंपळशेंडे,

एक गोष्ट मान्य करायची आहे. ती तुम्हाला त्या मुलीकडून आधीच कळली असणार, पण माझ्याकडूनही कळावी.

तिनं चौदाही नमुन्यांतल्या कार्बनची तपासणी केली. जड कार्बन किती, हलका किती. एका खाणीच्या कोळशात हे प्रमाण एक असतं, दुसऱ्या खाणीच्या कोळशात थोडं वेगळं, आणि कितीही तापवलं तरी ते फारसं हलत नाही. आपल्या वेळी हे यंत्र संस्थेत नव्हतं. तुमच्या चौदा नमुन्यांचं प्रमाण बाकीच्या सव्वीस नमुन्यांशी तंतोतंत जुळलं. सगळा घुग्घुसचा कोळसा. तुमचे वडील खाणीतून ताजी ढेकळं काढून, हवा लागू नये म्हणून रॉकेलच्या डब्यात मेण ओतून पाठवायचे, तोच.

म्हणजे तुम्ही कुठल्या कोक-भट्टीच्या कारखान्यातून तयार डांबर आणून कुप्यांत भरलं नव्हतं. तसं मी सरांना लिहिलं होतं. 'कानावर घातलं' असं पहिल्या पत्रात म्हटलं, ते अपुरं होतं. मी लिहून दिलं होतं. पानभर, सहीनिशी. "नमुने प्रयोगशाळेत तयार झालेले नसून बाहेरून आणलेले असावेत." 'असावेत' म्हटलं होतं. 'आहेत' म्हटलं नव्हतं. सरांनी ते 'आहेत' असं वाचलं, त्याला मी काय करणार?

मग नमुने असे कसे निघाले, हा प्रश्न उरतो. निष्काळजीपणा असू शकतो. तुम्ही तेव्हा घरच्या काळजीत होतात, आई आजारी होती, कामाकडे लक्ष नव्हतं. मी एवढंच म्हणते की शक्यता नाकारता येत नाही.

त्या मुलीची शंका वेगळीच आहे. परवा फळ्यावर चित्र काढून दाखवत होती. "मॅडम, कोळसा साडेपाचशेलाच तापला असेल, पण बाहेर पडताना वाफ कुठेतरी जास्त तापली. तुमच्या सेटअपमध्ये खालची भट्टी आणि वरची भट्टी असं होतं ना? कोळसा खाली. वाफ वरच्या नळीतून जाऊन बर्फात गोठायची. वरची कितीला असायची?"

"साडेतीनशे," मी म्हटलं. "नळीत डांबर थिजून तुंबू नये इतपतच. कायम साडेतीनशे."

"नेहमी?"

"नेहमी."

तिनं फळ्यावर साडेतीनशे लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. एका चांगल्या घरच्या मुलीनं वयस्कर बाईच्या तोंडावर असं प्रश्नचिन्ह काढावं? तिला हे कुणी शिकवलं?

कुप्या चाळीस आहेत. आधी मी एक्केचाळीस लिहिलं असेल तर ती माझी चूक समजावी.

श्यामला मेहेंदळे


कोथरूड
२७ फेब्रुवारी २०२५

दिगंबर,

सगळ्या पत्रांच्या पोचपावत्या येतात आणि उत्तर येत नाही. मी आता उत्तराची वाट पाहायची सोडून दिली आहे. पण लिहायचं थांबवता येत नाही, कारण रविवारी दुपारी जे झालं ते मी दुसऱ्या कुणाला सांगणार?

वल्लरी घरी आली. आधी फोन न करता. सोसायटीच्या वॉचमननं खालून विचारलं, "एक मुलगी आलीय, सोडू का?" नको म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. चहा ठेवला. तिनं तो घेतला नाही.

"मॅडम, एक कुपी कमी आहे."

"मोजायला चुकली असशील."

"मी पेटी उघडली त्याच दिवशी सगळ्यांचे फोटो काढले होते. प्रत्येक लेबलचा." तिनं फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर माझं अक्षर. श्या–३. वरची भट्टी. २ नोव्हें. ९४. "श्या म्हणजे श्यामला ना?"

मी म्हटलं, "फोटोत काय, काहीही दिसतं."

"तुम्ही आलात त्या दिवशी ट्रे तुमच्यासमोर होता. मी कॉफी आणायला गेले होते." तिचा आवाज चढला नव्हता. उलट तीच रडवेली झाली होती. "मला कुणावर आळ घ्यायचा नाहीये, मॅडम. माझं मेजरमेंट फक्त एका जागी अडलंय. दिवाळीआधीच्या सगळ्या कुप्यांत शेपट्या शाबूत आहेत. दिवाळीनंतरच्या चौदांत सगळ्या तुटल्यात. मधल्या काळात त्या भट्टीला काहीतरी झालं. त्या मधल्या काळातली कुपी एकच आहे, आणि तीच गेली."

मग मी तिला विचारलं. जानेवारीपासून जिभेवर होतं ते. "तुला पिंपळशेंड्यांनी पाठवलंय, हो ना? काय सांगितलं त्यांनी तुला?"

ती म्हणाली, "कोण पिंपळशेंडे? लेबलवर दि. ना. पिं. आहे, ते का? ते अजून आहेत?"

दिगंबर, तिला तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं. पिंजरकर, पिंगळे, असे अंदाज ती तोवर करत होती. वणी हे तिचं गाव आहे, एवढंच. दोन महिने मी एका अनोळखी मुलीमागे तुला उभं करून बघत होते.

मी आत गेले. कुपी फ्रीजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात होती. दुसरी जागा सुचली नव्हती. आणून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती रुमालात गुंडाळली, हेल्मेटमध्ये ठेवली आणि जाताना दारात म्हणाली, "सलिल सरांना मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगाल असं वाटलं म्हणून."

तुला 'तू' लिहिलं आहे हे आत्ता लक्षात आलं. तेव्हा तू मला श्यामलाताई म्हणायचास आणि मी तुला अरेतुरे करायचे. खोडत नाही आता.

श्यामला


कोथरूड
१० मार्च २०२५

दिगंबर,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहिते आहे. फाटायच्या आत पोस्टात टाकेन.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत तू आईला भेटायला गावी गेला होतास. प्रयोगशाळा बंद होती, किल्ली माझ्याकडे होती. डांबराची वाफ बाहेर पडल्यावर जास्त उष्णतेतून गेली तर तिची घडण कशी बदलते, हे मला बघायचं होतं. सरांनी मला त्या भट्टीवर काहीही दुसरं करायला साफ मनाई केली होती. "ती दिगंबरच्या प्रबंधाची भट्टी आहे. तुमचे प्रयोग वेगळे बांधा." वेगळं बांधायला दोन वर्षं लागली असती. मी पस्तीस वर्षांची होते, माझ्यामागून आलेले दोघं माझ्या पुढे गेले होते, आणि माझ्या डोक्यातली ही एकमेव गोष्ट होती जी दुसऱ्या कुणाची नव्हती.

वरच्या भट्टीचं बटण मागच्या बाजूला होतं आणि त्याची तबकडी कधीच बंद पडलेली. त्याला कुणी हात लावत नसे. मी लावला. माझी स्वतःची तापमान मोजायची तार आत सोडून पाहिजे तितकं वाढवलं आणि तीन प्रयोग केले. श्या–१, श्या–२, श्या–३. पहिल्या दोन कुप्या मी तेव्हाच नष्ट केल्या. तिसरी सापडली नव्हती. बहुतेक तूच ती उचलून पेटीत लावली असशील, तुला सगळं क्रमानं लावायची सवय होती.

बटण खाली आणायचं राहिलं. ते मुद्दाम नव्हतं, एवढं तरी खरं मान. तू परत आलास आणि चौदा वेळा कोळसा तापवलास. दर वेळी खालचं तापमान तू अगदी बरोबर ठेवलंस. कोळशातून निघालेली वाफ वर जाऊन जळत होती आणि तुला ते दिसायचं काही साधन नव्हतं.

नमुने बिघडलेले दिसले, तेव्हा तू विचारलं होतंस. मला शब्द न् शब्द आठवतो. आपण खिडकीपाशी होतो. "श्यामलाताई, वरच्या भट्टीले कोणी हात तं नाही लावला?" मी म्हटलं, "नाही." आणि दुसऱ्या दिवशी सरांना पत्र दिलं. तू आणखी खोलात शिरलास तर दिवाळीतलं बाहेर येईल, ही भीती होती. तुझ्याविषयी शंका घेणं तेव्हा सगळ्यांनाच सोपं होतं, हेही लिहून टाकते. घुग्घुसहून आलेला, बोली वेगळी, कुणाचा कोण ते माहीत नाही. संस्थेतल्या एकानंही मला विचारलं नाही की 'कशावरून?'

तू सरांच्या खोलीत हट्ट धरलास की वरची भट्टी मोजा. सर स्वतः आले, मोजली. साडेतीनशे भरली. तिथे तुझं संपलं. ती त्या दिवशी साडेतीनशे कशी भरली, ते मला आज नीट आठवत नाही. पंच्याण्णवच्या जानेवारीत माझी वही चाळताना सगळा उलगडा झाला, पण तोवर तू गेला होतास.

आणि अजून एक. शहाण्णव साली माझा जो लेख छापून आला, ज्यावर मला बढती मिळाली, ज्यामुळे जपानहून बोलावणं आलं, त्यात चौदा नमुन्यांचे आकडे आहेत. ते तुझे चौदा आहेत. कुप्यांत भरून उरलेलं डांबर बाटल्यांत शिल्लक होतं. वरचं तापमान किती होतं हे जगात एकट्या मला माहीत होतं, त्यामुळे ज्या आकड्यांनी तुला चोर ठरवलं तेच आकडे माझ्या हातात शोध झाले. तेव्हा सर निवृत्त झालेले होते. लेखावर एकच नाव आहे.

माझ्या निरोप समारंभात तो लेख चौकटीत घालून दिला होता. दिवाणखान्यात आहे. होता. काल काढला.

श्यामला


कोथरूड
२ एप्रिल २०२५

दिगंबर,

काय केलं ते कळवते.

मासिकाच्या संपादकांना लिहिलं की लेखातले चौदा नमुने माझे नाहीत. ते दिगंबर पिंपळशेंडे यांनी तयार केले, त्यांना न सांगता मी वापरले, आणि भट्टीत मी केलेला बदल त्यांच्यापासून लपवला. संस्थेला तेच लिहिलं. आधीचं माझं पानभर पत्र खोटं होतं, असंही लिहिलं. 'असावं' कुठेही लिहिलं नाही.

सलिलचा लगेच फोन आला. "मॅडम, आता कशाला? त्या गोष्टीला किती वर्षं झाली. संस्थेचं नाव..." मी विचारलं, "तुम्हाला काही माहीत होतं का?" तो म्हणाला, "माहीत नव्हतं. पण तुम्ही त्या दिवाळीत रोज यायचात, हे वॉचमन बोलला होता. मी नवीन होतो, मॅडम." मी त्याला बोलणार होते, पण कोणत्या तोंडानं? फोन ठेवून दिला.

संस्था समिती नेमणार आहे. माझं निवृत्तिवेतन थांबेल का, कुणी काही सांगत नाही. बहिणीनं कळल्यापासून फोन घेतलेला नाही. वल्लरीनं तिच्या प्रबंधात चौदा नमुन्यांपुढे तुझं पूर्ण नाव घातलं आहे. तिनं मला छापील पान दाखवलं. कौतुक केलं नाही. "तुम्ही आधीच सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते," एवढंच म्हणाली. बरोबर आहे तिचं.

मला आता माझीच शंका येते. कुपी पकडली गेली नसती, तर मी हे केलं असतं का? खूप विचार केला. नसतं केलं, असं वाटतं. तुला बरं वाटावं म्हणून दुसरं काही लिहीत नाही.

श्यामला


कोथरूड
१९ एप्रिल २०२५

दिगंबर,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं ते आमच्या पेटीत न टाकता वॉचमनकडे दिलं होतं, आणि त्यानं ते वाचून मग मला दिलं. मला आता त्याची लाज वाटली नाही.

कार्डावर तीन ओळी आहेत. मी दाराशीच उभी राहून वाचल्या.

"मॅडम, सर्व पत्रे मिळाली. वरच्या भट्टीचे तापमान नेमके किती होते, आणि ते खाली कोणत्या दिवशी आणले, हे दोनच प्रश्न आहेत. बाकी काही कळवण्याची गरज नाही."

श्यामलाताई लिहिलं नाहीस. बरोबर.

मी जिन्यावर बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे." तू शिव्या दिल्या असत्यास तर मी त्या घेतल्या असत्या, क्षमा केली असतीस तर कदाचित तीही घेतली असती, लबाडासारखी. तू आकडा मागितलास. तीस वर्षं तुझ्या वहीत तो रकाना रिकामा असेल, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. आठशे वीस. माझी तार चार अंश जास्त दाखवायची, तेव्हा आठशे सोळा धर. तुझ्या चौदाही वेळी तेच होतं, कारण मधे मी हात लावला नाही. मला ते नक्की माहीत आहे, कारण तुझ्या तिसऱ्या प्रयोगानंतर मला शंका आली आणि तू जेवायला गेला होतास तेव्हा मी तार सोडून मोजलं होतं. म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस मला कळलं होतं. तेव्हा बोलले असते तर तुझे तीनच नमुने वाया गेले असते. बोलले नाही, कारण माझ्या लेखासाठी आणखी नमुने हवे होते.

मार्चच्या पत्रात 'जानेवारीत उलगडा झाला' असं लिहिलं, ते खोटं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. २३ डिसेंबर १९९४, शुक्रवार, सकाळी अकराच्या सुमारास. तू सरांच्या खोलीत होतास. दार बंद होतं, पण तुझा आवाज बोळात येत होता. "सर, वरची भट्टी मोजा जी. एकडाव मोजा." तुझे वडील बाहेर बाकावर बसले होते, रॉकेलचा नवा डबा पायाशी घेऊन. त्यांना ठाऊक नव्हतं की तो आता लागणार नाही. त्यांनी मला नमस्कार केला. मी मान हलवली, प्रयोगशाळेत गेले, आतून कडी घातली आणि बटण साडेतीनशेवर आणलं. नळीतून थंड नायट्रोजन सोडला, लवकर उतरावं म्हणून. पाऊण तास लागला. तेवढा वेळ तू सरांना धरून ठेवलंस, मोजा मोजा म्हणत. मग सर तुला घेऊन आले, मी कडी काढली, आणि मोजायची तार माझ्या हातानं त्यांना दिली.

श्यामला मेहेंदळे